निमित्त

आषाढातला बेंदूर होता. साताऱ्यात आमच्या घरी आता बैल नाहीत, पण मातीची जोडी आणतो, पाटावर मांडतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. नैवेद्य झाला की आई एक लहानशी पोळी बाजूला काढते, पुरण कमी आणि तूप जास्त अशी, आणि हाक मारते. त्या दिवशीही मारली. "खारके, ये गं." खारीक, आमची कुत्री, दिवाणावर झोपली होती. तिने खाली उडी मारली, फरशीवर नखं वाजवत स्वयंपाकघरात गेली, पोळी खाल्ली, पोळपाटाखाली सांडलेलं पुरण चाटून घेतलं. उडी मारताना ती ओरडली नाही, नंतर लंगडली नाही. त्या क्षणी काहीही झालं नव्हतं. हे मी पुढे आईला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल.

संध्याकाळी ती कपाटाशेजारी उभी दिसली. नुसती उभी. बसत नव्हती. पाठ कमानीसारखी वर आलेली, मान खाली, पोट दगडासारखं घट्ट. हात लावला की अंगातून बारीक थरथर जायची. आम्हाला वाटलं, पोळी बाधली. आई म्हणाली, ओव्याचं पाणी पाजूया का? कुत्र्याच्या पाठीतली कळ बाहेरून पोटदुखीसारखीच दिसते, हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं. रात्रभर ती दिवाणाच्या पायाशी उभ्याउभ्या डुलक्या घेत राहिली. पहाटे मी दूध तापवायला उठले, तेव्हा ती माझ्याकडे आली. पुढच्या दोन पायांवर. मागचं धड ओल्या पोत्यासारखं फरशीवरून घासत येत होतं. आणि डोळ्यांत रोजचंच होतं सगळं: उजाडलं, दूध कुठे आहे?

खारीक डॅशहाउंड आहे. सहा वर्षांची, तांबूस तपकिरी, नावाप्रमाणेच लांबट. जर्मन भाषेत डाख्स म्हणजे बिज्जू आणि हुंट म्हणजे कुत्रा. बिज्जूच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढायचं, यासाठी जर्मन शिकाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या आखूड पायांची कुत्री निवडून ही जात घडवली. माझ्याकडे ती आली ती मात्र कुठल्या बिळासाठी नाही. ओळखीच्यांकडे पिल्लं झाली होती, बघायला गेले, आणि ते आखूड पाय बघूनच भुलले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे अपराधीपणाची जी वाटणी आमच्या घरात झाली, तिच्यात माझा वाटा इथे आहे.

त्या सकाळी जो दवाखाना उघडा सापडला तिथे नेलं. तिथे 'कंबरेला मार लागलाय' म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, आणि सोबत सूज-दुखीच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन दिवस चालवून बघा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिची शी डांबरासारखी काळी आली. स्टेरॉइड आणि सुजेवरची वेदनाशामक गोळी ही दोन्ही एकदम कुत्र्याच्या पोटात गेली, तर जठराला जखमा होऊन आत रक्तस्राव होऊ शकतो. ते काळं म्हणजे पचलेलं रक्त होतं. हे मला ज्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्याकडे आम्ही त्याच दुपारी गेलो, आणि तिथून पुढचं सगळं त्यांच्याच हातात राहिलं. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा: कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेल्यावर आधी काय टोचलंय, काय खायला घातलंय ते पहिल्या वाक्यात सांगा, आणि चिठ्ठी दाखवा. आणि घरातली आपल्यासाठी आणलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी 'अर्धीच देऊ' म्हणून तर कधीच देऊ नका. कुत्र्यांना ती विषासारखी आहे.

या डॉक्टरांनी आधी काय केलं, तर खारकेचा मागचा पंजा उलटा करून, बोटं दुमडून, टेबलावर टेकवला आणि वाट बघितली. धडधाकट कुत्रं क्षणात पंजा सरळ करतं. आपला पाय कुठे आहे, कसा आहे, याची खबर त्याच्या मेंदूला असते. खारकेचा पंजा तसाच उलटा राहिला. मग त्यांनी एक चिमटा काढला आणि बोटाचं हाड त्यात धरून दाबलं. पाय आखडला. आई म्हणाली, "बघा, जाणवतंय तिला!" डॉक्टर म्हणाले, "आजी, पाय आखडणं हा नुसता खालचा झटका असतो. तो मेंदूपर्यंत न जाताही होतो. मला तिचं तोंड बघायचंय." त्यांनी आणखी जोरात दाबलं. एक क्षण गेला, दोन गेले. मग खारकेने मान वळवली, ओठ मागे घेतले आणि त्यांच्या हाताच्या दिशेने दात वाजवले.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला त्यांचा रागही आला होता. "मुक्या जनावराला एवढं चिमटतात का कुणी," ती गाडीत बसेपर्यंत म्हणत होती. पण सगळं त्या दात वाजवण्यावरच ठरणार होतं. मज्जारज्जू कितीही दबला तरी वेदनेची ही खोलवरची जाणीव सगळ्यांत शेवटी जाते. ती जिवंत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहांतली नऊच्या वर कुत्री पुन्हा चालतात. ती गेली असेल, तर शस्त्रक्रिया करूनही साधारण निम्मीच.

दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. खंबाटकी घाटात पुढचं काही दिसत नव्हतं इतका पाऊस. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर भाकरीचा पाट, पाटावर खारीक, आणि दोघींवरून एक जुनी वाकळ. साध्या एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, गादी आणि मज्जारज्जू दिसत नाहीत, म्हणून एमआरआय. भूल देऊन. तासाभराने शल्यविशारदांनी आम्हाला पडद्यावर एक जागा दाखवली: छातीचा तेरावा मणका आणि कंबरेचा पहिला, यांच्या मधोमध. पांढऱ्या दोरीवर कुणी अंगठा रोवावा तशी.

आपण बोलताना 'गादी सरकली' म्हणतो. आमच्या वडिलांची १९८७ साली सरकली होती, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सहा आठवडे लाकडी फळीवर झोपवलं होतं, आणि आईनेच त्यांचं सगळं केलं होतं. (आता माणसांच्या डॉक्टरांनी ते बरंचसं सोडून दिलंय. हिंडतं-फिरतं राहा म्हणतात.) पण खारकेची गादी सरकली नव्हती. दोन मणक्यांमधली चकती म्हणजे बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट वेढे आणि आत मऊ, जेलीसारखा गर. डॅशहाउंड, बीगल, पेकिनीज अशा आखूड पायांच्या जातींत हा गर वयाच्या पहिल्या वर्षापासूनच सुकायला लागतो. मऊ असायचा तो चिवट होतो, मग चुन्यासारखा कडक. धक्का झेलण्याचं त्याचं काम संपतं. बाहेरच्या वेढ्यांवर ताण येत राहतो, आणि एक दिवस ते वरच्या अंगाला फाटतात. आतला खडूचा भुगा थेट मज्जारज्जूवर आदळतो. अशी एकाएकी फुटणारी चकती आणि म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यांत हळूहळू फुगणारी चकती, या दोन तऱ्हा हॅन्सेन या स्वीडिश संशोधकाने १९५२ साली वेगळ्या करून दाखवल्या, आणि अजून डॉक्टर त्याच नावाने पहिला प्रकार, दुसरा प्रकार असं म्हणतात. नेमकं त्याच ठिकाणी का, तर छातीच्या वरच्या बहुतेक मणक्यांपाशी समोरासमोरच्या बरगड्यांना बांधणारा एक आडवा पट्टा असतो, तो चकतीला वरून झाकून धरतो. शेवटच्या बरगड्यांपाशी तो पट्टा नसतो. तिथून पुढे कंबर वाकते, वळते. ताण तिथेच येतो आणि झाकण तिथेच नाही.

शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्यांनी आमच्यावर सोडलं. खर्च लाखाच्या घरात होता. पैशाचा विचार केलाच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. केला. पण आणखीही एक गोष्ट होती. एमआरआयच्या आधीच्या तपासणीत तिने डावा पाय स्वतःहून थोडासा ओढला होता, हे त्यांनाही दिसलं होतं. शस्त्रक्रियेविना अशी निम्म्याहून अधिक कुत्री चालू लागतात, पण हळू, आणि दुखणं पुन्हा उलटण्याचा धोका जास्त, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग अट घातली. सहा आठवडे पिंजरा. लघवी आपण काढायची. रोज दोन वेळा बोट दाबून तोंडाकडे बघायचं. ज्या वेळी ती मान वळवणार नाही, त्या वेळी, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, गाडी काढून पुण्याला यायचं. आम्ही परत आलो. एक पिशवी भरून दाराशी ठेवली, ती तीन आठवडे तशीच होती.

पिंजरा मिस्त्रींकडून करून घेतला. तीन फूट बाय अडीच फूट, तीन बाजूंना जाळी, वरून उघडा. तिला उभं राहून वळता येईल एवढा, आणि दोन पावलांहून जास्त चालता येणार नाही एवढा. तळाला फोम, त्यावर रेक्झिन, त्यावर धोतराच्या घड्या. वडिलांची तीन धोतरं आईने पेटीतून काढून दिली. मी म्हटलं, "अगं, राहू दे." ती म्हणाली, "सुती आहेत, लघवी टिपून घेतील." विषय संपला.

जखमी जागेवरचे पापुद्रे भरून यायला वेळ लागतो, आणि तोवर एखाद्या झटक्याने उरलेला भुगाही बाहेर येऊ शकतो, म्हणून हा तुरुंगवास. कुत्र्याला सांगता येत नाही की बाई, जपून. उलट औषधाने कळ थांबली की तिला वाटतं आपण बऱ्या झालो. दारावरची बेल, दूधवाल्याची सायकल, समोरच्या कौलांवरचं माकड, प्रत्येकाला ती पुढच्या दोन पायांवर उसळायची. बेल काढून टाकली. समोरच्या खिडकीला चादर लावली. आणि सगळ्यांत कठीण होतं ते आमचंच वागणं बदलणं. सहा वर्षं जे जे आम्ही प्रेमाने करत आलो, दारातून आल्याबरोबर तिचं नाव घेणं, काखेत हात घालून वर उचलणं, मांडीवर ओढणं, ते सगळं आता तिच्या पाठीच्या मुळावर उठणार होतं. बाहेरून आल्यावर तिच्याकडे न बघता आधी चपला काढायच्या, पाय धुवायचे, मग हळूच जाऊन शेजारी बसायचं, असं ठरवलं. तिला उचलायचं तर भरलेली परात उचलावी तसं: एक हात छातीखाली, एक हात मांड्यांखाली, पाठ जमिनीशी समांतर. आईला हे परातीचं एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही.

लोक आले. तेल-हळद लावून पाठ चोळा, अमक्या गावचा हाडवैद्य मणका बसवून देतो, असं प्रेमाने सांगून गेले. फाटलेल्या चकतीवर कुणी अंगठा दाबला असता तर काय झालं असतं, हे त्या पडद्यावर बघितल्यामुळे मी कुणालाही तिच्या पाठीला हात लावू दिला नाही. एकदोघांनी इंजेक्शन देऊन मोकळं करा असंही सुचवलं. आईने त्यांना चहा दिला नाही.

लघवीचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्या सहा आठवड्यांतलं खरं काम ते होतं.

मज्जारज्जू त्या जागी दबला की लघवीची पिशवी भरते, पण उघडत नाही. वरून येणारा निरोप पोचत नाही आणि तोंडाचा स्नायू आवळलेलाच राहतो. पिशवी फार ताणली की ती कायमची सैल पडते, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. म्हणून दर सहा-आठ तासांनी बाहेरून दाबून ती रिकामी करायची. डॉक्टरांनी माझे हात धरून दाखवलं होतं: मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना बोटं सपाट, हळूहळू आत, मग मागे. तिथे माझ्या हाताला ती सापडली होती. घरी सापडेना. आतडी हाताला लागायची, शीचे खडे लागायचे. लागलीच तर दाबल्यावर निसटायची. खारीक पोट आणखी घट्ट करायची. मी आणखी दाबायचे. पहिल्या रात्री साडेबारा वाजता मोरीत तासभर बसून चार थेंब निघाले आणि मी रडायला लागले.

आई दारात उभी होती. "सरक," म्हणाली.

तिचं माहेर माण तालुक्यातलं. लग्न होऊन येईपर्यंत घरची म्हैस तीच पिळायची. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली, पातळ गुडघ्यांत खोचलं, खारकेचं तोंड आपल्या पोटाशी घेतलं आणि काहीच केलं नाही. नुसते हात पोटाखाली ठेवले. दोनेक मिनिटं. तोंडाने चक-चक असा बारीक आवाज. मग मला म्हणाली, "तू कासेला हिसडे देतेस. घाई केली की म्हैस दूध चोरती. जनावर आधी पान्हवावं लागतं." खारकेचं पोट सैल पडताना मला लांबून दिसलं. आईची बोटं आत गेली, थांबली. "हां, ही घावली. मोसंब्याएवढी आहे." आणि तिने दाब दिला, पण पिळला नाही, सोडला नाही, कमी-जास्त केला नाही. एकसारखा. पाच सेकंद काही नाही, दहा सेकंद काही नाही, आणि मग आतलं काहीतरी दमून सुटावं तशी धार लागली. मोरीच्या फरशीवरून ती जाळीपर्यंत गेली. धार थांबली तरी आईने हात काढले नाहीत. पुन्हा चाचपलं, पुन्हा थोडी निघाली. शेवटी बोटांना बोटं लागली, मध्ये काही उरलं नाही. "रिकामी आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अगदी बरोबर आहे. तो आवळलेला स्नायू धक्क्याने उघडत नाही. हलका, सलग दाब ठेवला की थकून सैल पडतो. ते सैल पाडायला औषधही असतं, ते आम्ही आठवडाभर दिलं. पुढे मलाही जमायला लागलं, पण आईसारखं नाही. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री बारा. शहात्तर वर्षांची माझी आई, जिचे गुडघे जिना चढताना वाजतात, ती बेचाळीस दिवसांतली एकही पाळी चुकली नाही.

ती चुकवणारही नव्हती. कारण तिच्या लेखी हे सगळं तिच्यामुळे झालं होतं. "मी हाक मारली आणि तिनं उडी मारली." उठता-बसता हेच वाक्य. मी तिला सगळं समजावलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, मी वाचलेलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१७ साली शोधून काढलं की या कुत्र्यांच्या बाराव्या गुणसूत्रावर एफजीएफ४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत असते. ती पाय आखूड ठेवायला हातभार लावते आणि तीच चकत्या लवकर सुकवते. दोन वेगळी दुखणी नाहीत ती. ज्या गोष्टीवर आपण भुलतो, तिच्याच पोटात हे दुखणं आहे. चार-पाच डॅशहाउंडमागे एकाला आयुष्यात कधीतरी हे होतंच. उडी नसती तर अंग झाडताना झालं असतं, शिंकताना झालं असतं. उडी नुसती निमित्त.

"निमित्त म्हणजे तरी काय गं," आई म्हणाली. "निमित्ताला मीच सापडले ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते सगळं जनुकांचं पुराण मी आईसाठी वाचलं नव्हतं, माझ्यासाठी वाचलं होतं. तूप-पोळी घालून साडेअकरा किलोची झालेली कुत्री मी डोळ्यांनी बघत होते. दोन किलो कमी करा, असं डॉक्टर मागच्या वर्षी लस द्यायला गेलो तेव्हाच म्हणाले होते. आईला वाईट वाटेल म्हणून मी तिला ते सांगितलंच नव्हतं. आणि ते पाय आवडून तिला घरी आणणारीही मीच. वाचल्याने हे हलकं होत नव्हतं. हलकं व्हायचं ते सकाळी सहाला, मोरीत, गुडघ्यावर बसून, हातात ते मोसंबं घेऊन. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसायचं. आईचंही तसंच असावं. धार लागली की तिचा चेहरा सुटायचा.

साताऱ्याचा पाऊस त्या वर्षी उघडलाच नाही. अजिंक्यतारा दिसेनासा झाला. धोतरं वाळेनात. स्वयंपाकघरात, माजघरात, जिन्याच्या कठड्यावर सगळीकडे ओली धोतरं. इस्त्रीने वाळवायची, पुन्हा घालायची. घराला एक वास आला: फिनेल, ओलं सूत आणि कुत्रं. औषधांच्या दुकानातून म्हाताऱ्यांसाठीचे अंडरपॅड आणले, ते रात्रीपुरते. ओलं राहिलं तर लघवीने कातडी सोलवटते, म्हणून दर वेळी कोमट पाण्याने पुसून कोरडं करायचं. एका जागी पडून मांडीच्या हाडावर जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची. दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांनी मागचे पाय सायकलसारखे हळूहळू फिरवायला सांगितले, पंधरा-पंधरा वेळा, दिवसातून तिनदा. पायांचं मांस किती भराभर झडतं हे हाताला कळायचं. मांडी म्हणजे नुसती काठी झाली होती.

नवव्या दिवशी दुपारी आई देवदर्शन करून आली. ठरल्याप्रमाणे तिने खारकेकडे बघितलं नाही, चपला काढल्या, छत्री मोरीत ठेवली आणि मला म्हणाली, "बाई, काय पाऊस आहे." मी पिंजऱ्याजवळ बसले होते. आईचा आवाज आला आणि धोतराच्या घडीवर शेपटीचं टोक हललं. एकदा. मला वाटलं झटका असेल. तसे झटके येतात, त्यांना अर्थ नसतो. मी म्हटलं, "आई, बोल परत काहीतरी." "काय बोलू?" आणि शेपूट दोनदा आपटलं, टप टप. कानात गेलेला आवाज मेंदूत गेला, तिथून आनंद निघाला, मानेतून, छातीतून, त्या अंगठा रोवलेल्या जागेतून पार होऊन शेपटीपर्यंत पोचला होता. रस्ता पूर्ण बंद नव्हता. मी आईला सांगितलं, ती तुझा आवाज ऐकून हलवतेय. आई पिंजऱ्याशी येऊन बसली, तशीच, भिजल्या पातळासकट.

त्यानंतरचं सगळं चढत्या क्रमाने झालं असं नाही. सोळाव्या दिवशी तिने स्वतःहून लघवी केली. पण पिशवी अर्धी भरलेलीच राहायची, म्हणून दाबणं सुरूच. विसाव्या दिवशी मागचे पाय एकदम ढिले वाटले. रात्री बोट दाबलं तर ती मान वळवेना. पिशवी उचलली, गाडीची किल्ली घेतली. आईने पुन्हा दाबलं, जोरात, आणि खारकेने तिच्याकडे बघून गुरगुर केली. ती गाढ झोपेत होती एवढंच. दोघी तशाच फरशीवर बसून राहिलो, पहाटेपर्यंत. तेविसाव्या दिवशी अंगणात तिच्या पोटाखालून टॉवेलची झोळी धरली असताना माझ्या हातातलं वजन हलकं झालं. खाली बघितलं तर ती चारी पायांवर होती. तीन सेकंद. मग मागचं धड एका बाजूला कलंडलं, मी झोळी ताणली.

श्रावण सरता सरता बेचाळीस दिवस भरले. डॉक्टरांनी पंजा उलटा टेकवला. डावा लगेच सरळ झाला. उजवा जरा विचार करून झाला. घरभर रबरी पट्ट्या आणि योगाच्या चटया अंथरून तिला दिवसातून पाच-पाच मिनिटं चालवायला लागलो. मागचा भाग झुलतो, वळताना पाय पायांत अडकतात, घाईत उजवा पंजा घासतो आणि त्याची नखं पुढून झिजतात. अजूनही तसंच आहे. ती नऊ किलो दोनशे ग्रॅमची आहे. जिन्याच्या तोंडाला फळी आहे. आईने आपला दिवाण खाली करून घ्या म्हणून हट्ट धरला होता, पण मग तिला गुडघ्यांमुळे उठता आलं नसतं. म्हणून मिस्त्रींकडून एक लांब उतार करून घेतला, त्यावर काथ्याची पट्टी ठोकलेली. खारीक त्यावरून वर जाते. खाली यायचं असलं की काठाशी उभी राहते आणि कुणीतरी येईपर्यंत वाट बघते. हे तिला आम्ही शिकवलेलं नाही.

यंदाच्या बेंदराला आईने पोळी केली, नैवेद्य दाखवला आणि हाक मारली नाही. तळहातावर एक घास, तूप न लावलेला, घेऊन दिवाणापाशी गेली आणि तिथेच भरवला.

रात्री झोपायच्या आधी मी खारकेला अंगणात सोडते. ती प्राजक्ताखाली जाते, झुलत का होईना, वाकते, नीट लघवी करून येते. गरज कधीचीच संपली आहे. तरी आई पलंगावरून हात खाली घालते, तिच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना बोटं सपाट ठेवते, जराशी आत नेते. खारीक उभी राहते, हलत नाही.

"रिकामी आहे," आई म्हणते, आणि दिवा घालवते.